रेघेबाहेरचा माणूस

२ फेब्रुवारी

आजपासून आमचा फ्रीज कपाट आहे. सुताराने त्याच्याभोवती जुन्या लाकडाचा सांगाडा उभा करून पुढे दोन दारं बसवली. लांबून पाहिलं तर थोरल्यांच्या काळातलं धान्याचं कपाट वाटतं. फक्त ते मधूनमधून गुरगुरतं.

"कोणी विचारलं तर काय सांगणार?" ही म्हणाली. "आत आजोबा झोपलेत?"

हिला विनोद सुचतात ते नेहमी माझ्या कामाच्या वेळी.

ही वही पुढेमागे अभ्यासकांच्या हाती पडेल, तेव्हा थोडी माहिती देऊन ठेवतो. थोरले म्हणजे माझ्या बायकोचे आजोबा. नदीवरचा पूल त्यांनी बांधला आणि हे घरही त्यांनीच. सासरे गेल्यावर हिच्या भावांनी घर एका विश्वस्त मंडळाला देऊन टाकलं आणि ते आपापल्या शहरांत निघून गेले. मंडळाने घराचं संग्रहालय केलं आणि मागच्या दोन खोल्या आम्हाला राहायला ठेवल्या. खोल्या कागदावर हिच्या नावाने आहेत. व्यवहारात ते व्यवस्थापकाचं निवासस्थान आहे. व्यवस्थापक मी, मानद. मानद म्हणजे काय, हे हिने एकदा एका पाहुण्याला सांगितलं होतं: "काम सगळं ह्यांचं, आभार सगळे अध्यक्षांचे."

आम्हाला आता पहिल्या श्रेणीच्या वारसा वास्तूचा दर्जा हवा आहे. तो मिळाला की फाटकावर पितळी पाटी लागते आणि पाटीच्या तळाशी बारीक अक्षरांत व्यवस्थापकाचं नाव येतं. बारीक का होईना, पितळेत. त्यासाठी मी मंडळापुढे एक नियम मांडला आणि तो एकमताने संमत झाला. थोरले ज्या वर्षी गेले त्या वर्षापाशी रेघ मारायची. त्याआधी घरात जे आलं ते रेघेच्या आत, ते जपायचं. नंतर जे आलं ते रेघेबाहेरचं. ते झाकायचं, झाकता येत नसेल तर काढायचं. कशालाही अपवाद नाही. 'कशालाही' हा शब्द माझा. अध्यक्षांनी तो अधोरेखित करायला लावला. ते विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेत, नियमातली बारीक अक्षरं वाचूनच त्यांना भूक लागते.

९ फेब्रुवारी

रविवार, त्यामुळे गर्दी. गर्दी म्हणजे दोन कुटुंबं, एक म्हातारे गृहस्थ आणि उन्हातून सावलीला आलेला एक फिरता विक्रेता.

पुलाची माहिती सांगताना आज मला विशेष रंग चढला. पुलावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. अडाणी लोक याला मोजमापातली चूक म्हणतात. मी सांगतो, थोरल्यांना समाजात सौजन्य रुजवायचं होतं. हे ऐकून लोक गप्प होतात. विचार करत असावेत.

मग विचारखुर्ची. उंच पाठीची, भक्कम हातांची ही खुर्ची आमच्या संग्रहाचा मुकुटमणी आहे. तिच्या बैठकीच्या मधोमध झाकण असलेलं गोल भोक आहे. उन्हाळ्यात खालून वारा यावा म्हणून थोरल्यांनी ही योजना केली. "त्या काळात हवेशीरपणाचा एवढा विचार!" मी म्हणालो.

"किती साधी कल्पना!" एक बाई म्हणाल्या.

ही तेवढ्यात बादली घेऊन मागून चालली होती. "साधीच," ती म्हणाली. "रोज सकाळी फार उपयोगी पडायची."

यात तथ्य आहे. सकाळी डोकं ताजं असतं. पुढच्या वेळी माहितीत घालावं म्हणतो.

म्हाताऱ्या गृहस्थांनी कुठे बसायला मिळेल का विचारलं. मी त्यांना नम्रपणे सांगितलं की थोरल्यांच्या घरात बाकं नव्हती. ते म्हणाले, थोरल्यांच्या घरात तिकीटही नसेल. हल्ली ज्येष्ठ माणसं फार तुसडी झाली आहेत.

१५ फेब्रुवारी

हिच्या गुडघ्यांनी पुन्हा डोकं वर काढलं आहे. मागचं न्हाणीघर आणि त्यातला बसका संडास दोन्ही थोरल्यांच्या वेळचे. संग्रहालय बंद असताना ते आम्ही वापरतो, उघडं असताना पाहुणे बघतात.

"अहो, तिथे भिंतीला एक दांडी लावून द्या," ही म्हणाली. "धरून उठता येईल."

"रेघेबाहेरची आहे."

"दांडी?"

"थोरल्यांच्या न्हाणीघरात दांडी नव्हती."

"होती. मी लोंबकळायचे तिला. मार खाल्लाय त्यावरून."

"तू तेव्हा केवढी होतीस! लहान मुलीची आठवण म्हणजे पुरावा नव्हे."

"पुरावा पाठीवर उमटला होता की."

मी शांतपणे समजावलं. भिंत कोरी आहे, तिच्यावर कसलीही खूण नाही. हे मी छातीठोक सांगू शकतो, कारण ती भिंत मी स्वतः नीट करून घेतली आहे. पूर्वी तिथे दोन ओबडधोबड खड्डे होते, आत गंजके लोखंडी तुकडे. मिस्त्रीने ते असे बुजवले की मूळ भिंतीने खाली मान घालावी.

"बरं, दांडी राहू दे. ती कमोडची खुर्ची तरी आणा. औषधांच्या दुकानात मिळते."

"कमोडची खुर्ची? थोरल्यांच्या घरात?"

यावर ही हसत सुटली. ओट्याला धरून, डोळे पुशीत, बराच वेळ हसत राहिली. हसण्यासारखं मी काहीच बोललो नव्हतो.

१६ फेब्रुवारी

अजून मधूनच हसते.

१ मार्च

सकाळी ही न्हाणीघरात पडली. सुदैवाने फरशीला काही झालं नाही. ती मूळ फरशी आहे, तशी आता कुठेच मिळत नाही. मी आधी हिला उठवलं आणि मग फरशी पाहिली. की उलट? गडबडीत क्रम नीट लक्षात राहिला नाही. हिच्या राहिला आहे. तिने तो डॉक्टरांना सांगितला, लेकीला फोनवर सांगितला आणि दूधवाल्यालाही सांगितला.

डाव्या मनगटाला प्लास्टर, गुडघा सुजलेला. प्लास्टर अगदी पांढरंशुभ्र आहे. पाहुण्यांच्या वेळेत तिने आतल्या खोलीत बसावं असं मी सुचवलं, तर ती म्हणाली, "त्यालाही शिसवी दारं लावून घ्या."

३ मार्च

लेक आली ती वादळासारखी. आल्या आल्या तिने फ्रीजची शिसवी दारं धाडकन उघडली आणि बर्फ काढला. बाहेर दोन पाहुणे होते. कपाटातून बर्फ निघालेला पाहून त्यांनी माझ्याकडे आदराने बघितलं.

"बाबा, आईला मी नेतेय."

"ने ना चार दिवस. तेवढीच हवापालट."

"चार दिवस नाही. आणि तुम्हीही चला."

"मग घराचं कोण बघणार?"

"घराला काय धाड भरलीय? घर पडत नाहीये बाबा. माणसं पडतायत."

लेकीचा स्वभाव आजोळावर गेला आहे. थोरलेही असेच फटकळ होते म्हणतात. त्यांच्या बाबतीत मी माहितीत 'स्पष्टवक्ते' असा शब्द घातला आहे.

फाटकापाशी ही थांबली. "ते पुस्तक आणा," म्हणाली. "वस्तू बाहेर गेली की नोंद करता ना त्यात? मी रेघेच्या आतली आहे. आजोबांच्या मांडीवर बसलेय. लिहा."

मी म्हणालो, ते पुस्तक फक्त दुरुस्तीला गेलेल्या वस्तूंसाठी आहे.

"मग तर लिहाच," ही म्हणाली, आणि गाडीत बसली.

८ मार्च

घर आता पूर्वीपेक्षा अस्सल झालं आहे. बादल्यांचा आवाज नाही, मागून कोणी काही पुटपुटत नाही. आज माहिती सांगताना एकाही पाहुण्याला भलत्या ठिकाणी हसू आलं नाही. खरं तर कुठल्याच ठिकाणी आलं नाही.

सकाळचं दूध उतू गेलं, दुपारची भाजी करपली. भांडं थोरल्यांच्या वेळचं नसल्याने नुकसान गंभीर नाही.

एक बाई पुन्हा आल्या होत्या. विचारखुर्चीची माहिती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "त्या बाई नाहीत का आज? त्यांचं ऐकायला आले होते."

कपाट गुरगुरतं आहे. मी त्याला "काय गं?" म्हणालो. दमलो असेन.

१४ मार्च

अध्यक्षांचा फोन. वारसा समितीच्या तज्ज्ञबाई गुरुवारी पाहणीला येणार. "चोख ठेवा," ते म्हणाले. "आणि घराण्यातलं कोणीतरी हजर हवं."

"मी आहेच."

"घराण्यातलं," ते म्हणाले.

म्हणून लेकीकडे गेलो. तिसरा मजला, लिफ्ट, पांढऱ्या भिंती. अशा घरात माणसाला आपण कुठल्या काळात आहोत तेच कळत नाही. न्हाणीघरात जावयाने भिंतीला स्टीलची दांडी बसवून घेतली आहे, आणि शेजारी उंच कमोड. मी दांडीची मजबुती तपासली. दोनदा. उठतानाही एकदा तपासावी लागली.

"कशी आहे दांडी, बाबा?" जावयाने विचारलं.

"चकचकीत आहे," मी म्हणालो. तो भाबडा माणूस आहे, कौतुक समजला.

ही खिडकीशी उंच खुर्चीत बसली होती. पाय स्टुलावर, हातात वर्तमानपत्र. एकदम तरतरीत दिसत होती. परक्या वातावरणात माणूस उसनं अवसान आणतो.

"पाहणीला तू असलीस तर बरं दिसेल," मी म्हणालो. "खऱ्या नातीच्या हातचा चहा म्हटलं की..."

"चहा देणार नाही. हात गळ्यात बांधलाय. येऊन बसेन फक्त." मग वर्तमानपत्र बाजूला ठेवून, "बसू कुठे पण? तुमच्या घरात सगळ्या खुर्च्यांना दोऱ्या बांधल्यात."

'तुमच्या' हा शब्द मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. घर तिच्या आजोबांचं आहे.

अडगळीतून रेघेच्या आतलं एक स्टूल काढून देण्याचं मी कबूल केलं.

२० मार्च

पाहणी झाली. जसं घडलं तसं लिहितो, कारण अध्यक्ष वेगळं सांगत फिरतील.

तज्ज्ञबाई बुटक्या, केस बारीक कापलेले, हातात बॅटरी आणि एक छोटी लाकडी हातोडी. आल्याबरोबर फुलदाणीशेजारी उभ्या राहून त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. ही फुलदाणी दिवाणखान्यात मीच मांडली आहे. पसरट, कानाची, पांढऱ्या चिनी मातीची, काठावर निळी वेल. आज तिच्यात ताजी फुलं होती. अध्यक्षांनी वाकून त्यांचा वास घेतला आणि "वा!" म्हणाले.

स्वयंपाकघरात तज्ज्ञबाई कपाटाजवळ थांबल्या. "हे गुरगुरतंय," एवढंच म्हणून पुढे गेल्या.

मग विचारखुर्ची. मी माझी माहिती सुरू केली: तासन्‌तास चिंतन, हवेशीरपणा, सकाळचं ताजं डोकं. तज्ज्ञबाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली. मग खाली वाकून बैठकीच्या खालच्या बाजूला बॅटरी मारली.

"खाचा शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज आनंदाने चढला होता. "इतकी चांगली कमोडची खुर्ची मी फार वर्षांनी बघतेय. भांडं कुठे आहे हिचं?"

"कसलं भांडं?" मी विचारलं.

"दिवाणखान्यात," ही स्टुलावरून म्हणाली. "ह्यांनी फुलं ठेवलीत त्यात."

अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. तो तिथून निघेपर्यंत खाली आला नाही.

"तू मला कधी सांगितलं नाहीस!" मी हिला म्हणालो.

"लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, थोर माणसांबद्दल असं बोलू नये."

तिथून न्हाणीघर. मला वाटलं, इथे तरी बाजू सावरेल, कारण ती भिंत माझ्या देखरेखीखाली झालेली. तज्ज्ञबाई हातोडीने भिंत ठोकत गेल्या. टक, टक, टक. मग एका ठिकाणी आवाज बदलला. हातभर पुढे पुन्हा बदलला.

"इथे काहीतरी होतं."

"दांडी," ही दारातून म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. "आजोबांचे गुडघे शेवटी फार दुखायचे. आमच्याकडे गुडघे तसेच आहेत सगळ्यांचे. खुर्ची सुताराकडून करून घेतली आणि दांडी लोहाराकडून. दोन्हीचा आराखडा त्यांनी स्वतः काढला होता. तो बाहेर भिंतीवर लावलाय, काचेत. खाली 'पुलाच्या कठड्याचं रेखाटन' अशी पाटी आहे."

सगळे बाहेर जाऊन ते रेखाटन बघून आले. मीही गेलो. रोज बघतो ते. आज पहिल्यांदा दिसलं की कोपऱ्यात एक बादली काढली आहे. पुलावर बादलीचं काय काम, असं मला इतक्या वर्षांत का वाटलं नाही, कळत नाही.

"भिंत कोणी बुजवली?" तज्ज्ञबाईंनी विचारलं.

"मूळ भिंत..." मी म्हणालो, पण वाक्य पुढे सरकेना.

मी हिच्याकडे पाहिलं. 'ह्यांनी' असं ती म्हणेल असं वाटलं. तिने प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने उचलून धरला आणि लेकीला म्हणाली, "चल, जाऊ या. दमले मी." ती हसली असती तर बरं झालं असतं.

२ एप्रिल

दर्जा मिळाला! पहिली श्रेणी!

अध्यक्षांनी अहवाल सभेत वाचून दाखवला. खुर्ची आणि भांडं न्हाणीघरात हलवायचं. आराखड्याबरहुकूम दांडी घडवून मूळ जागी बसवायची. गुरगुरणारं कपाट काढायचं. मंडळाने स्वतःहून आखलेली काळाची रेघ अत्यंत स्तुत्य असून ती निवासी भागालाही काटेकोर लावावी. इथपर्यंत मी मान डोलावत होतो.

पुढे अध्यक्षांनी चष्मा पुसला. "मागच्या खोल्या. नात स्वतः राहायला येत असल्यास स्वागत आहे, त्यांच्या आठवणी हा संग्रहाचा भाग मानावा. त्या येत नसल्यास, सध्याचे रहिवासी हे विवाहसंबंधाने, म्हणजे रेघेनंतर, घरात आलेले असल्यामुळे..."

"मी वस्तू नाही!" मी उठून उभा राहिलो.

"नियमात 'जे आलं ते' असं आहे," अध्यक्ष म्हणाले. "वस्तू असा शब्द नाही. आणि पुढे 'कशालाही' आहे. अधोरेखित."

"तो शब्द माझा आहे!"

"म्हणूनच आम्ही तो जपलाय."

नाकापेक्षा मोती जड झाला की असंच होतं. नाक कोणाचं आणि मोती कोण, ते मात्र सभेतून येताना नीट ठरवता आलं नाही.

५ एप्रिल

लेकीकडे गेलो. ही स्वयंपाकघरात एका हाताने कप विसळत होती.

"अभिनंदन," मी म्हणालो. "तू रेघेच्या आत आहेस. समितीने मान्य केलंय. तू परत आलीस की आपल्या खोल्या आपल्याच."

"दांडी लावणार?"

"लावणार! मंजूर झाली. अगदी आजोबांच्या आराखड्याप्रमाणे."

"धरता येईल?"

"ती दोरीच्या आत असेल," मी म्हणालो. "खुर्चीही. पाटी लागेल दोन्हीवर."

"म्हणजे तिच्याकडे बघत बघत पडायचं."

"मंडळाशी बोलून बघतो. संग्रहालय बंद असताना, एखाद्या वेळेस..."

"अहो," ही म्हणाली, "सबंध जन्म तुम्ही माझ्या आजोबांशी संसार केलात. मी मध्ये आले नाही. पण माझ्या गुडघ्यांवर तो आता निभत नाही. मी येणार नाही. तुम्ही या."

"इथे? जावयाच्या घरी?"

"का? तुम्हाला सवय आहे की. इतके दिवस घरजावई होतात, आता घरसासरे व्हा. पदोन्नती आहे."

बाहेरच्या खोलीत जावयाला खोकला आला. भाबडा आहे, पण अगदीच नाही.

"तू ये" म्हणायला मी आलो होतो आणि "तुम्ही या" ऐकून बसलो. 'या' म्हणताना तिने वर पाहिलं नाही, कपच विसळत राहिली. एका हाताने कप नीट धुतला जात नाही. मी तो तिच्या हातातून घेतला आणि विसळून पालथा घातला. आणखी दोन होते, तेही विसळले. या घरातली एकही वस्तू जपण्यासारखी नाही. पण विसळल्यावर सगळे कप सारखेच निथळतात.

१२ एप्रिल

निघालो. माझ्या वस्तू एका पिशवीत मावल्या. बाकी जे माझं म्हणून होतं, ते मी वेळोवेळी रेघेबाहेरचं ठरवून काढून टाकलं होतं: टेबलावरचा दिवा, वेताची खुर्ची, आमच्या लग्नाचा फोटो. तो फोटो लेकीकडे निघाला. हिने येतानाच उचलून आणला होता म्हणे.

फाटकापाशी अध्यक्ष पितळी पाटी लावून घेत होते. तळाशी बारीक अक्षरांत व्यवस्थापकाचं नाव आहे. नव्या व्यवस्थापिकेचं. मुलगी हुशार वाटली. मला म्हणाली, "काका, विचारखुर्चीची जुनी पाटी मी टाकली नाही. लोकांना फार आवडते. 'पूर्वी असा समज होता' म्हणून शेजारी लावणार आहे."

म्हणजे माझं काहीतरी राहिलं.

१९ एप्रिल

लेकीच्या घरातल्या नळांच्या जागा माझ्या लक्षात राहत नाहीत. जावई घरात असला की मी खुर्चीच्या कडेवर बसतो. तो सासऱ्यांच्या घरी आला की असाच बसायचा. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची.

दांडी मजबूत आहे. गुडघे माझे थोरल्यांच्या घराण्यातले नाहीत, तरीही.

२५ मे

हिचं प्लास्टर निघालं. "चला, आजोबांकडे जाऊन येऊ," म्हणाली. तिकिटं काढून आत गेलो. ज्येष्ठांना सवलत आहे. ती मीच मंजूर करून घेतली होती, हे खिडकीवरच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "बरं."

नवी मुलगी माहिती चांगली सांगते. पुलाविषयी म्हणाली, "रुंदी कमी पडली, ती मोजमापातली चूक होती. त्यांनी ती पुढे मान्यही केली." मी इतक्या वर्षांत सौजन्याबद्दल जे जे बोललो ते सगळं एका वाक्यात नदीत पडलं. पाहुणे मात्र खूश दिसले. थोर माणूस चुकला हे ऐकून लोकांना बरं वाटतं. हे मला आधी कळलं असतं तर माझ्या फेऱ्यांना गर्दी झाली असती.

मागच्या खोल्या रिकाम्या आहेत. "इथे नंतरच्या काळात घराण्याचे एक जावई राहत," मुलगी सांगत होती. तिने मला ओळखलं होतं, पण माहिती ती माहिती. "त्यांच्या कुठल्याही वस्तू आज उपलब्ध नाहीत."

"एक आहे," ही माझ्या कोपराला धरून म्हणाली. "चालू स्थितीत."

बाकीचे हसले. मीही हसलो. किती उशिरा हसलो ते हिच्या लक्षात आलंच असेल.

न्हाणीघर शेवटी. लोखंडी दांडी भिंतीत घट्ट बसवली आहे, शेजारी विचारखुर्ची, तिच्याखाली भांडं. पुढे दोरी. दोरीवर 'हात लावू नये'. ती पाटी माझ्या हस्ताक्षरातली आहे.

एवढं फिरून ही दमली होती. पाय बदलत उभी होती. "इथे बसायला काही आहे का?" तिने विचारलं.

"नाही हो, मॅडम," मुलगी म्हणाली. "मूळ घरात बाकं नव्हती."

हिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. मग तिने बऱ्या हाताने दोरी उचलली, खालून आत गेली, दांडी धरली आणि आजोबांच्या खुर्चीत, झाकणावर, सावकाश बसली. पाठ टेकली. आजोबांनी आराखड्यात उंची बरोबर धरली होती. पूल चुकला असेल, खुर्ची चुकली नव्हती.

"मॅडम! वस्तूंना हात लावायचा नाही!"

हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं आहे की माझीच मान आपोआप हलली. पण तोंडातून भलतंच निघालं. "बसू द्या तिला," मी म्हणालो. "ती रेघेच्या आतली आहे."

मुलगी बाजूला झाली. नियम माझाच, तिला काय बोलता येणार! सगळे पाहुणे दोरीबाहेर उभे राहून हिच्याकडे बघत होते, आणि ही दांडीवर हात ठेवून त्यांच्याकडे. संग्रहालयात मी पाहिलेलं ते पहिलंच वापरातलं सामान.

"अहो, या ना आत," ही म्हणाली.

"मी बाहेरचा. अहवालात आहे तसं."

"कळलं. उठवायला या."

दांडी तिच्या हाताशी होती. उठायलाच बसवलेली, थोरल्यांनी स्वतः मोजून काढलेली. तरी तिने दुसरा हात माझ्याकडे केला. मी दोरी ओलांडली.

मुलीने ते पाहिलं. तिने ते नियमभंग म्हणून लिहून घेतलं असेल. मी असतो तर घेतलं असतं.